पातेरूची निसर्गनोंद: देवराईतल्या एका काल्पनिक जीवाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तळकोकणातलं एक गाव. गावाचं, शाळेचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. गावात सातेरीचं देऊळ आहे आणि देवळामागे दोन-अडीच एकरांची राई. किंजळ, ऐन, बेहडा, सातवीण, काजरा, जांभूळ, भेरली माड ही तिथली मोठी झाडं. या झाडावरून त्या झाडावर गेलेली गारंबीची जुनी वेल आहे, तिच्या हातभर लांब शेंगा पावसाळ्यानंतर खाली पडलेल्या सापडतात.

राईचे नियम जुने आहेत. आत कोयती न्यायची नाही, पायताण बाहेर काढायचं, सुकी काटकीसुद्धा उचलायची नाही. नियम मोडणाऱ्याला राखणदार बघून घेतो, अशी गावाची श्रद्धा आहे. हा राखणदार रात्री हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन गावाच्या सीमेवरून फिरतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची रीत दक्षिण कोकणात आणि गोव्यात पुष्कळ ठिकाणी आहे. या गावातही ती आहे.

1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून वनस्पतीशास्त्राचं या जागांकडे नीट लक्ष गेलं. भोवतालचं रान तुटून तिथे काजू आणि आंब्याच्या बागा झाल्या तरी मूळ रानातली झाडं राईत उभी राहिली, हे त्यांच्या आणि पुढच्या अभ्यासकांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसलं. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची पाणथळ टिकली तीही देवाच्या राईत. श्रद्धेने राखलेली जमीन म्हणजे काय, याची याहून बोलकी उदाहरणं फार नाहीत.

या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. जैवविविधता कायदा 2002 नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ग्रामसेवकांनी राईपुरतं काम शाळेकडे दिलं. पाचवी ते सातवीच्या वर्गबाईंनी ते घेतलं. सोबत निसर्गशिक्षणाचं काम करणारा एक तरुण कार्यकर्ता होता. मी शिक्षक-प्रशिक्षणात आहे. बाईंनी मला मुलांच्या दोन्ही वह्या दाखवल्या; त्या वाचून आणि नंतर बाई, गुरव, सरपंच व मुलांशी बोलून हे लिहिलं आहे.

अडचण

मुलांनी पहिल्यांदा आणलेली यादी बाईंनी ठेवून दिली होती. झाडं, पक्षी, प्राणी असे तीन रकाने, सुंदर अक्षर आणि जवळजवळ सगळ्या मुलांची एकसारखीच नावं. त्यात चंदन होतं, देवदार होता, वाघही होता. यांपैकी राईत काहीच नाही. जे आहे त्यातलं निम्मं यादीत नव्हतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, आणि एकदा पाहिलं की लहान मूलही ऐन ओळखतं. पण त्यासाठी झाडापाशी थांबावं लागतं. मुलं राईत थांबतच नव्हती. देवळापर्यंत जायचं, पाया पडायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा राईशी संबंध होता. ज्या भीतीने राई राखली त्याच भीतीने मुलांना तिच्यापासून लांबही ठेवलं होतं.

त्याच सुमाराला दोन गोष्टी घडत होत्या. शिमग्याच्या आधी राई झाडून सगळा पातेरा, म्हणजे झाडाखाली साचलेला पाचोळा, एका कोपऱ्यात जाळायचा, असं स्वच्छतेच्या नावाने काही वर्षांपासून सुरू झालं होतं. जुन्या नियमात हे बसत नव्हतं. पण सुकी काटकी उचलू नये असं म्हणणाऱ्यांनाही झाडू मारण्यात गैर वाटलं नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे देवळाला स्लॅबचा सभामंडप घालायचा ठरत होता आणि त्यासाठी मागची तीन झाडं आड येत होती. त्यांतलं एक म्हणजे ढोली असलेला जुना बेहडा.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवायचं. यादी अचूक झाली असती आणि लवकर झाली असती. मुलं मात्र जिथे होती तिथेच राहिली असती. दुसरा पर्याय मोबाइलवर फोटो काढून ॲपकडून नाव मिळवण्याचा. तो बाईंनी थोडे दिवस चालवून पाहिला. मुलांना नाव मिळे आणि नाव मिळालं की ती पुढच्या झाडाकडे पळत.

तिसरा पर्याय त्या तरुणाने मांडला. मुलांनी राईत राहणारा एक जीव स्वतः रचायचा, सौम्य, कुणाला त्रास न देणारा, आणि त्याची निसर्गनोंद लिहायची: तो कुठे राहतो, काय खातो, त्याची पिल्लं कशी वाढतात, त्याला कोण मारतं.

बाईंनी यावर घेतलेले आक्षेप मला महत्त्वाचे वाटतात. राईच्या नावाने आधीच घाबरणाऱ्या मुलांच्या डोक्यात आणखी एक भूत का घालायचं? नोंदवही हा शासकीय दस्तऐवज आहे, त्यात काल्पनिक काही शिरलं तर? आणि मुलं राईत न जाता घरी बसूनच काहीतरी रचतील, त्याचं काय?

तिसऱ्या आक्षेपातून या प्रकरणातला सर्वांत चांगला नियम निघाला. वहीचं पान मधोमध दुमडायचं. डावीकडे जीव काय करतो ते लिहायचं. उजवीकडे राईत तेच काम खरोखर कोण करतं ते लिहायचं. उजवी बाजू कोरी राहिली तर डावी बाजू खोडायची. मुलांनी या नियमाला ‘साक्षीदार’ असं नाव दिलं. राईतला साक्षीदार मिळाल्याशिवाय त्या जीवाला हात, पाय, भूक, रंग, काहीच मिळणार नव्हतं.

काय केलं: पातेरूची नोंद

जीवाचं नाव पातेरू ठरलं. त्याची उंची किती यावर पहिल्याच दिवशी भांडण झालं. कुणाला तो माडाएवढा हवा होता, कुणाला मुंगीएवढा. पातेरू पाचोळ्यात लपतो एवढं सर्वांना मान्य होतं, म्हणून एका मुलीने पाचोळा किती खोल आहे ते मोजायचं सुचवलं. मुलं बांबूची काठी घेऊन फाल्गुनात राईभर फिरली. किंजळांखाली पाचोळा वीतभर, वाटेकडे चार बोटं, आणि जिथे झाडू फिरला होता तिथे नुसती माती. पातेरू वीतभर उंच ठरला आणि त्याचा अधिवास किंजळांच्या बाजूचा. पाचोळा कुठे साचतो, कुठे उडून जातो आणि माणूस कुठून काढून नेतो, याचा नकाशा मुलांनी या निमित्ताने काढला. कुणी सांगितला असता तर असा नकाशा त्यांच्याकडून आला नसता.

राईत एक मोठं वारूळ आहे. पातेरू तिथे राहत नाही, असं मुलांनी स्वतःहून लिहिलं. या भागात सातेरीची पूजा वारुळाच्या रूपातच होते, रोयण म्हणतात तिला. ती जागा देवीची. रचलेल्या जीवाने कुठे जाऊ नये याची जाण मुलांना मोठ्यांच्या आधी आली होती, हे पुढे लक्षात येईल.

“बाई, पण तो खाता काय?” हा प्रश्न बरेच दिवस अडून राहिला. देवासारखा असेल तर काहीच खात नाही, असं एकाचं म्हणणं. मग साक्षीदार कोण? राईत न खाणारं कुणी सापडेना. शेवटी पाचोळ्याखाली बघायचं ठरलं. वरची पानं कोरडी आणि अख्खी, त्याखाली भोकं पडलेली, त्याखाली नुसती शिरांची जाळी उरलेली, आणि तळाशी काळी ओली माती. डावीकडे लिहिलं गेलं: ‘पातेरू मेलेली पानं खातो, शिरा ठेवतो. जाळीचं पान दिसलं की तो जेवून गेला समजावं.’ उजवीकडे मुलांनी पैसा किडे, वाळवी, गोगलगायी, पानांवर पसरलेली पांढरी बुरशी आणि उड्या मारणारे बारीक किडे लिहिले. पाचोळ्याची माती होते हे पुस्तकात एका ओळीत असतं. इथे ती ओळ मुलांनी थर उचलून वाचली.

आवाजाचा शोध संध्याकाळी लागला. पाचोळ्यात मोठी खसखस झाली आणि दोघे-तिघे पळून आले. बाई त्यांना परत घेऊन गेल्या. नारंगी डोक्याचा कस्तुर चोचीने एकेक पान उलटून खालचे किडे टिपत होता. एवढासा पक्षी एवढा आवाज करतो हे पाहून सगळ्यांना नवल वाटलं. डावीकडे ‘पातेरू पानं उलटी करून ठेवतो’ आणि उजवीकडे ‘कस्तुर’ अशी नोंद झाली. ज्या आवाजाने मुलं पळाली होती तोच आवाज त्यानंतर ती ओळखू लागली.

रंगावर फार वेळ गेला नाही. फाल्गुनात तांबूस, पावसाळ्यात काळपट हिरवा. साक्षीदार चापडा साप, जो हिरव्या, तपकिरी, पिवळसर अशा वेगवेगळ्या रंगांत आढळतो आणि एकाच जागी कितीतरी वेळ हलत नाही. चापडा विषारी आहे, म्हणून तो लांबूनच बघायचा असा वेगळा नियम बाईंनी घातला.

उजेडाची नोंद मला या वहीतली सर्वांत सुंदर नोंद वाटते. पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावरच्या काही बुरश्या अंधारात मंद हिरवट उजळतात. त्यांच्या पेशींमधली रासायनिक क्रिया हवेतला प्राणवायू वापरते आणि तिच्यातून उजेड बाहेर पडतो. त्यात उष्णता जवळपास नसते. श्रावणातल्या एका रात्री पालकांची परवानगी घेऊन बाई आणि गुरव मुलांना राईत घेऊन गेले आणि टॉर्च बंद करून उभे राहिले. डोळे अंधाराला सरावल्यावर पडलेल्या एका फांदीचा कडेचा भाग दिसू लागला. गुरव म्हणाले की हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं आहे, पण कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. डावीकडे लिहिलं गेलं: ‘श्रावणात पातेरू उजळतो, पण तापत नाही.’

पिल्लांच्या बाबतीत नियमाची परीक्षा झाली. पातेरूला वर्षाला एकच पिल्लू होतं आणि तो ते पाठीवर घेऊन फिरतो, असं एका मुलाने लिहिलं. साक्षीदार म्हणून त्याने खवले मांजर दिलं. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं आणि ते तिच्या शेपटीच्या मुळाशी बसून फिरतं. माहिती खरी होती, पण मुलाने ते पाहिलं नव्हतं, आजोबांनी पाहिलं होतं. ऐकीव साक्ष चालेल का? बाईंनी ती घेतली, पण लाल शाईत. स्वतः पाहिलेलं निळ्या शाईत, दुसऱ्याकडून ऐकलेलं लाल शाईत. वर्षअखेरीला लाल ओळी पाहून काय शोधायचं राहिलं आहे ते कळत होतं.

पातेरू सौम्य का, हा प्रश्नही खवल्या मांजरापाशीच सुटला. लाकूडतोड्याला पातेरूने चावावं असं काही मुलांना वाटत होतं. साक्षीदार म्हणून नागाचं नाव आलं. पण नाग लाकूडतोड्याला ओळखून चावत नाही, पाय पडला तर चावतो, हे मुलांनीच मान्य केलं. मग आजोबांनी सांगितलेली दुसरी गोष्ट पुढे आली: खवले मांजर घाबरलं की अंगाचा गोळा करतं. बिबट्यालाही तो सहसा उलगडत नाही, पण माणूस तो सरळ उचलून पोत्यात टाकतो. पातेरू तसाच ठरला. त्याच्याकडे शिक्षा नाही, शाप नाही, पळायला वेगही नाही. ‘त्याला वाचवायचं तर आपणच बघून चालायचं,’ ही ओळ वहीत आहे, आणि ती कोणत्या मुलाची हे मुलांना आता आठवत नाही.

पातेरू जन्मतो ढोलीत. ढोली कुठे असते? तरण्या झाडाला मोठी ढोली नसते. मुलांनी राईतल्या ढोल्या मोजल्या, आणि सर्वांत मोठी होती देवळामागच्या बेहड्याला. तिथे कवड्या धनेशाची जोडी येत होती. धनेश स्वतः झाड कोरत नाही, त्याला तयार ढोली लागते. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला व पिल्लांना भरवतो. वड-उंबराची फळं, काजऱ्याचा गर, किडे. काजऱ्याची बी माणसाला विषारी, पण धनेशाला गर चालतो आणि बी दुसरीकडे जाऊन पडते. महाभारतातल्या नलाख्यानात नळाच्या अंगातून निघालेला कली बेहड्यात शिरतो, आणि त्या झाडाची बदनामी तेव्हापासूनची. मुलांच्या वहीत तेच झाड पातेरूचं बाळंतघर झालं.

आक्षेप

वही ग्रामपंचायतीच्या एका कार्यक्रमात मांडली तेव्हा एका ज्येष्ठ मानकऱ्यांनी उभं राहून विचारलं, “रायेत राखणदार आसा. तेच्या जाग्यार ह्यो नवो कोण इलो?”

प्रश्न अगदी रास्त होता. बाहेरच्या माणसाला राखणदार आणि पातेरू एकाच जातीचे वाटतील: दोघेही राईत, दोघेही अदृश्य. गावासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. राखणदार पिढ्यांचा आहे, त्याला गाऱ्हाणं घालतात, त्याच्याशी नातं आहे. पातेरू शाळेतल्या मुलांनी रचलेला.

बाईंसमोर चार वाटा होत्या. उपक्रम बंद करणे. पातेरू दुसऱ्या कुठल्यातरी जंगलातला आहे असं म्हणणे. तसं केलं तर साक्षीदारांचं सगळं काम फुकट गेलं असतं. पातेरूला राखणदाराचा सेवक करणे, जे त्या तरुणाला फार आवडलं होतं. किंवा देवस्थानाच्या माणसांना विचारून सीमा ठरवणे.

तिसरी वाट गोड दिसते, पण मला ती सर्वांत धोक्याची वाटते. शाळेने रचलेल्या जीवाला गावाच्या दैवताच्या घरात नेऊन बसवण्याचा अधिकार कुणालाच नव्हता, आणि एकदा तो बसला की त्याला उठवता आलं नसतं. बाईंनी चौथी वाट घेतली. गुरवांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, “पोरांनी गोष्ट रचली तर रचूं दे. पण तेका नारळ ठेवचो नाय.” मग नियम ठरले: पातेरूची मूर्ती नाही, राईत त्याचं चित्र नाही, त्याच्या नावाने नवस नाही. त्याची वही शाळेत राहील. नोंदवहीसाठी वेगळी वही, वेगळ्या रंगाचं कव्हर, आणि तिच्यात फक्त उजवी बाजू, तीही निळ्या शाईतली. हा शेवटचा नियम वेळेवर आला. एका मुलाने नोंदवहीच्या कच्च्या मसुद्यात सस्तन प्राण्यांखाली ‘पातेरू, संख्या कमी’ असं आधीच लिहून ठेवलं होतं.

तरीही काही महिन्यांनी राईच्या कडेला, किंजळाखाली, एक नारळ आणि विडी ठेवलेली सापडली. एका घरात मूल आजारी होतं आणि आजीने दोघांनाही सांगून ठेवलं होतं, राखणदाराला आणि पातेरूला. बाई अस्वस्थ झाल्या. गुरव त्या घरी गेले, आजींना बसवून समजावलं आणि नारळ राखणदाराच्या जागी नेऊन ठेवला. कुणालाही ओरडले नाहीत. मुलाला दवाखान्यात नेलेलं होतंच.

सभामंडपाचा निर्णय

ग्रामसभेत बेहड्याचा विषय आला तेव्हा मुलं पातेरूचं चित्र घेऊन जायला तयार होती. बाईंनी नाही म्हटलं. मुलांना ते पटलं नाही, दोघी रडल्या. बाईंचं म्हणणं असं की मोठी माणसं पातेरूला एकतर हसतील किंवा घाबरतील, आणि दोन्हीमुळे झाड वाचणार नाही. त्यांनी उजवी बाजू वाचायला लावली: ढोलीची उंची, धनेशाच्या येण्या-जाण्याच्या वेळा, फेब्रुवारी-मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत मादी आत असते तो काळ, झाडाखाली सापडलेल्या बिया. सातवीतल्या एका मुलीने ते वाचून दाखवलं.

ठेकेदाराचं म्हणणं होतं की मंडप सरळ रेषेत हवा. एक सूचना मंडप थोडा लहान करून पूर्वेकडे वळवण्याची आली, दुसरी तो राईबाहेर मांडाच्या, म्हणजे गावाच्या उत्सवाच्या मोकळ्या जागेच्या, बाजूला बांधण्याची. शेवटी देवीला कौल लावला. गाऱ्हाणं झालं, “व्हय म्हाराजा” झालं आणि प्रसाद बेहड्याच्या बाजूने आला. मंडप वळला. मधलं जांभूळ आणि एक तरणा किंजळ मात्र गेले. पूर्वेकडे वळवल्यामुळेच किंजळ आड आला होता, आणि राईबाहेर बांधण्याच्या सूचनेवर पुरेशी चर्चाच झाली नव्हती.

परिणाम

नोंदवहीतली राईची पानं आज त्या ग्रामपंचायतीच्या कामातली सर्वांत विश्वासार्ह पानं आहेत, असं ती वाचून मला वाटतं. तिथे वाघ नाही. प्रत्येक नोंदीपुढे महिना आणि जागा आहे. पुढच्या शिमग्याला झाडू फक्त देवळाचं अंगण आणि वाट एवढ्यावरच फिरला. त्यानंतरच्या वर्षी नवीन मंडळाने पुन्हा किंजळांपर्यंत झाडलं, मग मुलांच्या सांगण्यावरून निदान जाळलं नाही, पाचोळा परत टाकला.

मुलांची भीती गेली का? अंधार पडल्यावर ती आजही एकटी राईत जात नाहीत, आणि जाऊ नये असंच त्यांच्या घरच्यांनाही वाटतं. पण दिवसा ती तिथे थांबतात, पानं उचलून बघतात आणि जशीच्या तशी परत ठेवतात. राखणदाराचा धाक होता तसाच आहे; त्याच्या शेजारी पातेरूची काळजी आली आहे. धाकामुळे माणूस कोयती बाहेर ठेवतो. झाडू बाहेर ठेवायला मात्र त्याला खाली काय राहतं ते माहीत असावं लागतं.

एक अनपेक्षित घटना दुसऱ्या वर्षी घडली. नव्या पाचवीला पातेरूची वही तयार मिळाली. त्यांनी चित्रं रंगवली, पातेरूला टोपी घातली, त्याच्यावर गाणं केलं, आणि राईत एकदाही गेली नाहीत. पातेरू आता त्यांच्यासाठी रचायचा जीव राहिला नव्हता, पाठ करायचा धडा झाला होता. बाईंनी वही कपाटात ठेवली आणि नव्या मुलांना झऱ्याकाठचा वेगळा जीव रचायला सांगितला. नियम तोच, साक्षीदाराचा.

वेगळं काय करता आलं असतं

गुरवांकडे पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. ते आक्षेप घेतील म्हणून त्यांना उशिरा विचारलं गेलं; प्रत्यक्षात राईत उजळणारं लाकूड कुठे असतं हे शाळेला कळलं ते त्यांच्याकडूनच. ज्या गावात राईचे मानकरी आहेत तिथे अशा उपक्रमाची पहिली बैठक शाळेत न घेता देवळाच्या पायरीवर घ्यावी.

लाल शाईतल्या नोंदी फार कमी आहेत, हेही खटकतं. आजी-आजोबांना साक्षीदार म्हणून आणखी बोलावता आलं असतं. गारंबी, सातवीण, काजरा यांचे घरगुती उपयोग कोणत्या घरात कुणाला माहीत आहेत हे नोंदवहीत असायला हवं, आणि ते फक्त त्यांच्याकडेच आहे.

ग्रामसभेत पातेरूला बाहेर ठेवण्याचा बाईंचा निर्णय मला योग्य वाटतो, पण मुलांना आधी विश्वासात घेतलं नाही. ज्या जीवासाठी वर्षभर राबलो तो ऐन वेळी लपवायचा, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलांना दुखावणारच. पातेरू कुठे जाऊ शकतो आणि कुठे नाही, ही चर्चा वारुळाच्या नोंदीपासूनच सुरू करता आली असती. मुलं तिथे ती समज दाखवून बसली होती.

मंडप राईबाहेर नेण्याच्या सूचनेसाठी मोजमाप आणि खर्चाचा कच्चा अंदाज हातात असता, तर जांभूळ आणि किंजळ दोन्ही राहिले असते असं सरपंच आता म्हणतात.

सध्या मंडपावर आणि मागच्या वाटेवर मोठे एलईडी दिवे लावण्याचा विचार सुरू आहे. काजव्यांचे नर-मादी उजेडाच्या खुणेने एकमेकांना शोधतात, आणि दिव्याच्या प्रखर झोतात ती खूण हरवते. काजव्यांच्या अळ्या याच पाचोळ्यात गोगलगायींवर वाढतात. बाईंनी सातवीच्या मुलांना मे अखेरपासून पावसाचा जोर येईपर्यंत राईच्या कोणत्या भागात काजवे जास्त दिसतात ते लिहून ठेवायला सांगितलं आहे. दिवे खालच्या दिशेला झाकलेले असावेत, जत्रेच्या आणि शिमग्याच्या रात्री सोडून दहानंतर बंद व्हावेत, आणि मागच्या वाटेवर एकही नसावा, असा अर्ज तयार आहे. यावेळी तो देवस्थानाच्या बैठकीत आधी जाणार आहे, ग्रामसभेत नंतर.